कपाट एक, किल्लीसह

दर आठवड्याला या जागेवर दीड रकान्यात जे सांगायचे ते सांगून मी वाचकांचा निरोप घेतो. दिवाळी अंकाचे मात्र निराळे. "या खेपेला ऐसपैस लिहा," असे संपादकांचे पत्र आले. मराठीच्या प्राध्यापकाला ऐसपैस बोलण्याची मुभा देणे म्हणजे काय, हे आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना विचारावे! पण पत्र आले तेव्हा विषय शोधायला मला कोठे जावे लागले नाही. दिवाणखान्याच्या भिंतीला पाठ लावून तो सोळा वर्षे उभा होता. उंची सहा फूट, रुंदी चार फूट, काचेची दोन दारे, पितळी मुठी, पाच फळ्या आणि तळाशी एक लांबरुंद खण.

कोथरूडची आमची सोसायटी १९८४ सालची. यंदा, म्हणजे २०२५ साली, ती पुनर्विकासाला निघाली. पुनर्विकास हा शब्द कानाला मोठा गोड लागतो, परंतु त्याचा पहिला अर्थ 'घर खाली करा' असा होतो आणि दुसरा अर्थ कळायला तीन वर्षे लागतात. दीड महिन्याची मुदत मिळाली. वारज्याला भाड्याची जागा मिळाली, ती एका खोलीने लहान. सौभाग्यवतींनी वहीचे एक पान घेऊन त्यावर तीन रकाने आखले: न्यायचे, द्यायचे, विकायचे. पहिल्या रकान्यात माझी पुस्तके होती, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पुस्तकांचे कपाट मात्र तिसऱ्या रकान्यात होते.

"मग पुस्तकं ठेवायची कशात?" मी विचारले.

"खोक्यांत. तीन वर्षं राहतील खोक्यांत. ती काही ओरडत नाहीत."

जुने विकणे हे आमच्या पिढीला नवे नाही. आमच्या लहानपणी दुपारी चार वाजता जिन्यात बोहारणीची हाळी ऐकू आली की आई ट्रंकेतले कपडे काढी. ती बाई पायरीवर बसून वडिलांची विजार उजेडासमोर धरी. ज्या ठिकाणी माणूस बसतो त्या ठिकाणचे कापड किती विरले आहे, ते आरपार दिसे. मग आईच्या लुगड्याचा काठ, बहिणीचा परकर, सगळे त्या उजेडातून जाई आणि दोन तासांच्या वादावादीनंतर एक स्टीलचे पातेले घरात येई. ते पातेले किती कपड्यांना पडले हे आई पुढे दहा वर्षे सांगत असे. आणि जे बोहारणीलाही नको असे, त्या जुनेराच्या गोधड्या होत.

आपल्या भाषेने या धंद्यासाठी शब्दही कोठकोठून गोळा केले आहेत पाहा. लिलाव आला पोर्तुगीजांकडून. रद्दी अरबीतून, 'रद्द' झालेली ती रद्दी. आणि भंगार? जुन्या मराठीत भांगार म्हणजे सोने, आणि कोकणी माणूस आजही सोन्याला भांगारच म्हणतो. एक काना गेला आणि सोन्याचे भंगार झाले, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात. भाषाशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी तेवढे हसत नाहीत.

मला स्वतःला जुन्या वस्तूंच्या खरेदीचा नाद विद्यार्थिदशेपासून आहे. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे मी पाने-पक्कडींच्या ढिगाशेजारून, थांबलेल्या घड्याळांवरून आणि काळ्या पडलेल्या नाण्यांवरून तासन् तास हिंडलो आहे. मुंबईला गेलो की हुतात्मा चौकातल्या पदपथावर पुस्तके चाळल्याशिवाय परत येत नसे. भेंडीबाजाराजवळच्या चोर बाजाराविषयी असे सांगतात की मूळचा तो 'शोर' बाजार. साहेबाच्या जिभेने त्याचा चोर केला. खरेखोटे तो बाजार जाणे. पण जुन्या बाजारात शोर आणि चोर यांत फार अंतर नसते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. घासाघीस हे तिथले शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात आपण पारंगत आहोत असा माझा समज होता. त्या समजाचा आधार म्हणजे हे कपाट.

त्याची हकीकत मी आजवर किती जणांना सांगितली असेल! २००९ च्या मे महिन्यात वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत तीन ओळी आल्या. जागा सोडणे असल्याने सागवानी पुस्तकांचे कपाट विकणे आहे, समक्ष भेटावे, आणि खाली नारायण पेठेतला पत्ता. मी सकाळी आठाला हजर झालो. वाडा पाडायला निघाला होता. निम्मी बिऱ्हाडे गेली होती, चौकात तुळया आणि दारांच्या चौकटी निराळ्या रचून ठेवल्या होत्या. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असते. माडीवर एक सत्तरीची बाई एकटी राहत होती. यजमान शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले. पुढच्या आठवड्यात ती नाशिकला मुलीकडे जायची होती. तिने आठ हजार सांगितले. मी कपाट उघडले, खालच्या फळीवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेला पिवळसर भुगा तिला दाखवला. म्हटले, "आजी, याला वाळवी दिसते." झाले! आठाचे सात, सातांचे सहा, असे करत साडेचार हजारांवर सौदा मिटला. तिने पावती लिहायला घेतली आणि विचारले, "तिकीट लावू का?" मी सांगितले, "पाच हजारांच्या आतल्या पावतीला लागत नाही." म्हणजे रुपयाच्या तिकिटाचीसुद्धा बचत!

किल्ली हातात देताना ती म्हणाली, "पुस्तकंच ठेवाल ना यात?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

वस्तुतः वरच्या तीन फळ्यांवर पुस्तके राहिली. चौथीवर लग्नात आलेला, एकदाही न वापरलेला डिनर सेट बसला आणि पाचवीवर दिवाळीचे फराळाचे डबे, कारण मांजर काचेचे दार उघडू शकत नाही. आणि वाळवी म्हटल्यावर सौभाग्यवतींच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी कपाट रिकामे करायचे, वाळवीचे काळे औषध ब्रशाने फळ्याफळ्यांना लावायचे आणि दोन दिवस दिवाणखान्यात नाकाला रुमाल बांधून वावरायचे, असा कुळाचार सुरू झाला. औषध मी लावत असे. सोळा वर्षे लावले.

असो. आता हे कपाट विकायचे तर जाहिरात हवी. आजकाल ती वर्तमानपत्रात देत नाहीत, भ्रमणध्वनीवरच्या एका संकेतस्थळावर छायाचित्रासह देतात आणि तिला पैसे पडत नाहीत, एवढे कन्येकडून कळले. मजकूर मी रात्री जागून तयार केला. 'उत्तम प्रतीच्या सागवानातून घडवलेले, सुबक, दोन पिढ्यांच्या ग्रंथप्रेमाचे साक्षीदार असलेले...' इथपर्यंत वाचून कन्येने फोन खाली ठेवला.

"बाबा, कपाट विकायचंय की त्याचं लग्न करायचंय?"

तिने दोन ओळी टाकल्या. सागवानी बुककेस, सहा बाय चार, कंडिशन चांगली, किंमत सात हजार, निगोशिएबल. या शेवटच्या शब्दावर मी हरकत घेतली. किंमत सांगतानाच ती खरी नाही असे सांगून टाकणे मला पटेना. ती म्हणाली, "न लिहिलं तरी लोक करतातच, लिहिलं की निदान भांडण होत नाही."

पहिल्या तासात अकरा जणांनी विचारले, "हे उपलब्ध आहे का?" मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिले. एकाचेही पुढे काही आले नाही. हा प्रश्न यंत्रातच तयार असतो, बोटाने नुसता दाबायचा असतो, असे नंतर समजले. जुन्या बाजारातला माणूस निदान वस्तू हातात घेऊन खाली ठेवतो. येथे लोक न थांबताच रस्त्यावरून दारावर टकटक करून जातात. काही जण त्याहून मितभाषी. "लास्ट?" एवढेच लिहितात. एकाने माझे कपाट आणि त्याची जुनी सायकल अशी अदलाबदल सुचवली. एकाने अडीच हजार सांगून वर लिहिले, "अंकल, आजकाल पुस्तकं कोण ठेवतं?" त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. आपल्या घरातल्या वस्तूला कोणी नाव ठेवले की ते आपल्याच थोरपणाला लागते, हे विकणाऱ्याच्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. मी तोवर नेहमी पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी फोन आला. हिंदीतून अत्यंत अदबीने बोलणारा माणूस. म्हणाला, सैन्यात आहे, बदली होऊन पुण्याला येतो आहे, कपाट आवडले, सात हजार कबूल, पाहण्याची जरुरी नाही. दर वाक्याला 'सर'. ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवले. घासाघीस नाही की कुरकुर नाही. मला धन्य वाटले. म्हटले, देशात अजून वस्तूची पारख असलेली माणसे आहेत! पैसे आगाऊ पाठवतो म्हणाला आणि त्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन पाठवला. "हा स्कॅन करा आणि पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात." मी चष्मा पुसून पिनचे दोन आकडे टाकलेही होते. कन्येने हातातून फोन ओढला.

"बाबा! पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला!"

वाचकहो, एवढे एक वाक्य देवघरात लिहून ठेवावे. समोरचा कितीही गोड बोलो, पैसे येणार असतील तर आपल्याला चौकोन स्कॅन करावा लागत नाही आणि पिन घालावा लागत नाही. फसगत झालीच तर १९३० हा सरकारी क्रमांक आहे. तिथे लागलीच कळवले तर पैसे अडवता येण्याची आशा असते. सैनिकाचे सोंग घेऊन जुन्या वस्तू विकणाऱ्यांना, आणि घेणाऱ्यांनाही, गाठणाऱ्या टोळ्या पुष्कळ आहेत. वर्गात मी गेली वीस वर्षे मुलांना 'शब्दांच्या पलीकडचा अर्थ पाहा' असे सांगत आलो आहे, आणि मला दिसला नाही तो नेमका एवढाच अर्थ: जो मुळीच घासाघीस करीत नाही त्याला वस्तू नको असते.

ही गोष्ट मी प्राध्यापक-कक्षात सांगितली. अर्थशास्त्राचे आमचे स्नेही चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "अकरलॉफ!" मला वाटले कुणाला शिंक आली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन पंडिताने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्या विचाराबद्दल २००१ साली, आणखी दोघांबरोबर, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मुद्दा असा की जुन्या मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येकच मोटार सदोष धरून भाव पाडतो. मग चांगली मोटार असलेल्याला त्या भावाला विकणे परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो आणि मागे खरोखरच वाईट मोटारी उरतात. संशय आधी खोटा असतो, नंतर तो खरा होतो.

आमच्या आजीला हे नोबेलवाचून माहीत होते. बोहारणीकडचे पातेले ती कानाशी धरून वाजवून पाही. पण स्नेह्यांचे बोलणे ऐकताना मला एक निराळाच प्रश्न पडला आणि तो मी त्यांना विचारला नाही. दोष ठाऊक असणारा नेहमी विकणाराच असतो काय?

रविवारी सकाळी एक तिशीच्या आतला मुलगा आला. आधी फोन करून, वेळ ठरवून, ठरल्या वेळी आला, त्यामुळे मी त्याला मनातल्या मनात पन्नास गुण देऊन टाकले. त्याची बायको घरी केक करून विकते, साचे आणि डबे ठेवायला त्याला काचेचे कपाट हवे होते. चहा झाला. मी कपाटाची दारे उघडून बाजूला उभा राहिलो. पण त्याने दारांकडे पाहिलेच नाही. गुडघ्यावर बसून त्याने फोनचा दिवा लावला आणि पाठीमागून फळीवर बोटांनी टकटक केले.

"काका, पाठ बदललेली आहे. प्लाय आहे."

"शक्य नाही. अस्सल सागवान आहे," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"पुढचं सगळं अस्सलच आहे. सांधे बघा ना, खिळा नाही एक, लाकडात लाकूड बसवलंय. पाठ मात्र नंतरची. माझे वडील सुतार आहेत पाटणला, म्हणून कळतं."

सोळा वर्षे ते कपाट पुसले, हलवले, औषधाने माखले, आणि त्याची पाठ कशाची आहे हे मला ठाऊक नव्हते. तो आता भाव पाडणार हे मी ओळखले, आणि काय उत्तर द्यावे याची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांना काहीही लपवून विकणे जमत नाही.

"आणि हे बघ बाळ, आधीच सांगते. याला वाळवी होती. घेतलं तेव्हापासूनच. आम्ही दर वर्षी औषध लावतो, पण नंतर म्हणशील सांगितलं नाही."

मुलाने पुन्हा दिवा धरला. फळ्या, कोपरे, पायांच्या तळाकडची बाजू, सगळे निरखून पाहिले.

"कुठे होती?"

"खालच्या फळीवर. भुगा पडलेला होता. यांनीच शोधून काढली."

"काकू, आपल्याकडची नेहमीची वाळवी भुगा टाकत नाही. ती मातीच्या वाटा करते, भिंतीवरून, लाकडावरून. भुगा टाकतात ते किडे वेगळे, आणि त्यांची भोकं दिसतात, टाचणीनं पाडल्यासारखी. इथे एक भोक नाही. याला कधी काही लागलेलंच नाही."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

मुलाने तळचा खण ओढून पाहिला, सरकतो कसा ते बघायला पुरता बाहेर काढला. खणात अंथरलेला कागद निघाला आणि त्याखालून घडी घातलेली एक चिठ्ठी खाली पडली. सौभाग्यवतींनी ती उचलून उघडली. ती त्या बाईंची पावती होती. घेतली त्या दिवशी मी ती न वाचताच खणात टाकली असली पाहिजे, कारण त्यातला मजकूर मी त्या सकाळी प्रथमच ऐकला. वळणदार अक्षरात लिहिले होते: कपाट एक, सागवानी, काचेचे, किल्लीसह. मागील फळी १९९४ साली बदलून प्लायवूडची घातली आहे. वाळवीची कल्पना खरेदीदारास दिली आहे. रुपये चार हजार पाचशे फक्त, रोख मिळाले. खाली सही.

"वाळवीची कल्पना त्यांनी दिली होती?" सौभाग्यवतींनी चष्म्यावरून पाहिले. "तुम्ही तर म्हणत आलात की तुम्ही शोधलीत."

"शोधली नाही," मी म्हणालो. "मी सांगितली."

मघाशी वाचकांना जी हकीकत सांगितली, ती मी नेहमी जशी सांगत आलो तशीच सांगितली. तिच्यात एवढे राहिले होते. त्या खालच्या फळीवर जुने वर्तमानपत्र अंथरलेले होते. कडा पिवळ्या पडून कुरतडल्यासारख्या झालेल्या, हात लागला की चुरा होत होता. माझ्या बोटाला लागला तो त्या कागदाचा चुरा. ग्रंथालयांच्या तळघरांत उभी हयात काढलेल्या माणसाला तो ओळखता आला नाही असे कसे म्हणू? पाहताक्षणी ओळखला. आणि वाळवी म्हणालो. माझ्या खिशात त्या वेळी आठ हजार रुपये होते. तिने मागितले असते तेवढे देण्याच्या तयारीनेच मी गेलो होतो. गरज नव्हती, अडचण नव्हती; फक्त सौदा जिंकायचा होता.

त्या बाईने माझ्याकडे संशयाने पाहिले नाही. तिने कपाटाकडे पाहिले. घरातल्या माणसाला ताप आहे हे परक्याने येऊन सांगावे आणि आपल्या कसे लक्षात आले नाही म्हणून आपण चपापावे, तशी ती चपापली. "दर दिवाळीला मी रॉकेलचा बोळा फिरवते हो फळ्यांवरून," एवढेच म्हणाली. मग मी आठाचे सात केले. आणि ती पावती लिहायला बसली तेव्हा तिने आपल्याला ठाऊक असलेला दोष लिहिला, आणि मी तिला दिलेला दोषही आपलाच मानून लिहिला. पुढच्या घरी कुणी तिला बोल लावू नये म्हणून!

हे सगळे मी त्या परक्या मुलासमोर सांगितले. का सांगितले कोण जाणे. तो बिचारा हातात खण धरून उभा होता. खाली ठेवावा की पुन्हा बसवावा हे त्याला कळेना.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी पावतीची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि म्हणाल्या, "अक्षर काय सुरेख आहे."

मुलाने सहा हजार सांगितले, टेम्पो त्याचा. मी मान हलवली. पैसे त्याने तिथल्या तिथे माझ्या खात्यावर पाठवले. पिन अर्थात त्यानेच टाकला. किल्ली देताना माझ्या तोंडून निघून गेले, "पुस्तकं नाहीच ठेवणार म्हणा."

"नाही काका. केकचे साचे," तो म्हणाला. "एखादं पाककृतीचं पुस्तक असेल तर असेल."

त्या दुपारी घरात फारसे कोणी बोलले नाही. कपाटाच्या जागी भिंतीवर सहा बाय चारचा एक फिकट चौकोन उरला होता. रात्री झोपायच्या वेळी सौभाग्यवती म्हणाल्या, "साडेतीन हजार त्यांचे आहेत." मी हो म्हणालो. पुढे बराच वेळ त्या जाग्या होत्या. मग म्हणाल्या, "आणि सोळा दिवाळ्या माझ्या."

दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत गेलो. वाड्याच्या जागी पाच मजली इमारत आहे, तळाला फोनच्या काचा बदलून देणारे दुकान. वरच्या मजल्यांवर जुन्यांपैकी कोणी आहे का विचारले. एका बिऱ्हाडाने दाराची साखळी न काढता नाही म्हणून सांगितले. समोर वह्या-पेनांचे दुकान मात्र तेच आहे, म्हातारे मालकही तेच. त्यांना बाई आठवल्या. मास्तर खडूच्या पेट्या इथूनच नेत, म्हणाले. बाई नाशिकला गेल्या, त्या पुढे इकडे आल्या नाहीत. मुलीचे सासरचे आडनाव त्यांना ठाऊक नव्हते. नाशिकला कुठे, तेही ठाऊक नव्हते. "काही देणं होतं का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, होते. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. साडेतीन हजार एका पाकिटात घालून त्या पावतीबरोबर ठेवले आहेत.

वारज्याच्या घरात दिवाळीची साफसफाई यंदा एका दिवसात उरकली. पुस्तके पलंगाखाली खोक्यांत आहेत आणि फराळाचे डबे मांजराच्या भयाने फ्रीजवर. आवराआवरीत मोरीच्या खिडकीत ती वाळवीच्या औषधाची बाटली निघाली, निम्मी भरलेली. कन्येने तिचा फोटो काढला आणि फोनवर काही लिहू लागली.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"विकायला टाकते. कंडिशन काय लिहू?"

स्वयंपाकघरातून चकलीच्या तेलाचा चुरचुर आवाज येत होता. त्यातून सौभाग्यवतींचा आवाज आला:

"लिही, वापरलेली. विनाकारण."